फर्मागुडीच्या चढावर साखळी उडते: नव्या सायकलच्या गिअरमध्ये नेमके काय बिघडले असावे?

कुर्टीकर (प्रश्न)

नमस्कार. पाच आठवड्यांपूर्वी मी अ‍ॅल्युमिनियम फ्रेमची एक हायब्रिड सायकल घेतली. पुढे तीन आणि मागे आठ असे एकूण चोवीस गिअर आहेत, मागची कॅसेट (दातेरी चकत्यांचा संच) 12 ते 32 दात्यांची आहे, आणि शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलण्याचा खटका) व मागचा डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) दोन्ही शिमानो कंपनीचे आहेत. शाळेत असताना काळी, विनागिअरची सायकल चालवली होती. त्यानंतर जवळपास तीस वर्षांनी पुन्हा सायकलवर बसलो आहे, तेव्हा एखादा शब्द चुकला तर सांभाळून घ्यावे.

पहिला आठवडाभर गिअर लोण्यासारखे पडत होते. दुसऱ्या आठवड्यात आठव्या, म्हणजे सर्वांत लहान चकतीवरच्या गिअरमध्ये साखळी खरखर वाजू लागली. ज्या दुकानातून सायकल घेतली तेथे नेली असता तेथील मुलाने डिरेलरवरचे दोन बारीक स्क्रू आणि केबलचा बॅरल थोडाथोडा फिरवला, सायकल स्टँडवर उचलून पेडल मारून दाखवले आणि सर्व ठीक असल्याचे सांगितले. तेव्हापासून आठवा, सातवा व सहावा हे गिअर शांत आहेत, पण पाचव्या व चौथ्यात सतत टकटक असा आवाज येतो, आणि तिसऱ्यावरून दुसऱ्यावर जाताना शिफ्टरची टिचकी वाजली तरी साखळी जागची हलत नाही. दोन-तीन पेडल मारल्यावर ती अचानक धाडकन चढते. म्हार्दोळहून फर्मागुडीकडे चढताना परवा हेच घडले, पाय एकदम सुटल्यासारखा झाला आणि मी हँडलवर आपटता आपटता वाचलो.

पुन्हा दुकानात गेलो, तर नव्या सायकलला असे होतेच, महिनाभर चालवा म्हणजे बसेल, असे उत्तर मिळाले. ते खरे आहे का? की घरच्या घरी काही करता येईल? माझ्याकडे अ‍ॅलन कीचा संच आणि स्क्रू ड्रायव्हर आहे.

शुक्रवारचा म्हापसेकर

दादा, घाबरण्यासारखे काही नाही. नवी केबल पहिल्या महिन्यात ताणली जाते आणि सैल पडते, प्रत्येक नव्या सायकलला हा अनुभव येतो. मागच्या डिरेलरमध्ये केबल जेथे शिरते तेथे हाताने फिरणारा एक बॅरल असतो. साखळी मोठ्या चकतीवर चढायला आळस करत असेल, तर मागे उभे राहून तो बॅरल घड्याळाच्या उलट दिशेने पाव पाव फेरा फिरवा. एक-दोन पाव फेऱ्यांतच आवाज थांबेल. थांबला नाही, तर पहिली सर्व्हिस फुकट असते, ती सोडू नका.

डिचोलीची सायकलवाली

बॅरल फिरवण्याची दिशा म्हापसेकरांनी बरोबर सांगितली आहे, पण केबल ताणली जाते ही समजूत मला दुरुस्त करावीशी वाटते. गिअरची आतली तार जेमतेम 1.2 मिमी जाडीची असली तरी ती पोलादी असते आणि आपल्या बोटांच्या जोराने तिची लांबी जाणवण्याइतकी वाढत नाही. प्रत्यक्षात आउटर केबलची, म्हणजे तारेवरच्या बाहेरच्या नळीची, टोके आपापल्या टोपणांत आणि खाचांत हळूहळू घट्ट बसतात, त्यामुळे आतली तार तुलनेने लांब ठरते आणि सैल पडते. हे बसणे बहुतेक वेळा पहिल्या काही दिवसांतच आटोपते. तुमचा बिघाड मात्र आठव्या गिअरच्या खरखरीपासून सुरू झाला आहे, आणि सैल केबलची तक्रार सहसा मोठ्या चकत्यांकडे चढताना येते. ही गोष्ट मला खटकते.

तरीही आधी बॅरलची तपासणी नीट करून घ्या, कारण तिला पाच मिनिटे लागतात. पुढची साखळी मधल्या चकतीवर आणि मागची आठव्या गिअरवर आणा. कोणाला तरी मागचे चाक उचलून धरायला सांगा किंवा सायकल उलटी करा, आणि हाताने पेडल फिरवत एकच टिचकी मारा. साखळी लगेच सातव्यावर चढली पाहिजे. चढली नाही, तर बॅरल पाव फेरा बाहेर काढा. सातव्यावर आल्यावर जर ती सहाव्या चकतीला घासून वाजू लागली, तर थोडा आत फिरवा. अशा रीतीने एकेक गिअर करत पहिल्यापर्यंत जा आणि मग उलटे आठव्यापर्यंत या. चढतानाच नव्हे, तर उतरतानाही प्रत्येक गिअर पडतो की नाही हे पाहणे महत्त्वाचे आहे. बहुतेक लोक हा दुसरा अर्धा भाग करत नाहीत.

एच आणि एल अशी अक्षरे असलेल्या त्या दोन बारीक स्क्रूंना मात्र हात लावू नका, आणि कोणाला लावूही देऊ नका. एच स्क्रू साखळीला लहान चकतीच्या बाहेर पडू देत नाही आणि एल स्क्रू डिरेलरला आऱ्यांत जाऊ देत नाही. दोन्ही कुंपणाचे काम करतात. मधल्या चार-पाच गिअरच्या आवाजाशी त्यांचा संबंध नसतो. दुकानातल्या मुलाने ते का फिरवले हे मला समजलेले नाही.

आणखी एक, चढावर गिअर बदलताना अर्धा फेरा पाय हलका सोडत जा. ट्यूनिंग कितीही चांगले असले तरी साखळीवर पूर्ण वजन असताना ती एका चकतीवरून दुसरीवर सहज सरकत नाही. चढ सुरू होण्याच्या आधीच गिअर उतरवलेला बरा.

सायकल कधी पडली होती का, तेही कळवा.

कुर्टीकर

आपण सांगितल्याप्रमाणे काल संध्याकाळी पडवीत सायकल उलटी करून बसलो. मुलीने पेडल फिरवले आणि मी बॅरल. पाऊण फेरा बाहेर काढल्यावर पहिल्यापासून चौथ्यापर्यंतचे गिअर सुरेख पडू लागले आणि मला वाटले, झाले काम. पण उलट दिशेने येऊ लागलो, तर सातव्यावरून आठव्यावर साखळी उतरेना, आणि सहाव्यात आवाज येऊ लागला. बॅरल अर्धा फेरा परत आत घेतला, तेव्हा लहान चकत्या शांत झाल्या, पण तिसऱ्या-दुसऱ्याची तीच रडकथा परत सुरू झाली. दीड तास हेच चालले. एका टोकाचे जमवले की दुसरे बिघडते. अंगाला आखूड पडणारी चादर ओढावी तसे.

नवीन गोष्ट एक लक्षात आली. अगदी पहिल्या गिअरवर चाक वेगाने फिरवले की कुठेतरी बारीक चिर्र असा आवाज येतो. सायकल पडल्याचे मला आठवत नाही.

मडगावचा निवृत्त फिटर

कुर्टीकरबाब, प्रथम एक विनंती करतो. तो चिर्र आवाज कशाचा आहे हे कळेपर्यंत पहिला गिअर अजिबात वापरू नका. माझ्या अंदाजाने डिरेलरचा खालचा पिंजरा (साखळीची छोटी चाके धरणारा भाग) आऱ्यांना निसटता स्पर्श करत आहे. चढावर जोर लावलेला असताना तो पिंजरा आऱ्यांत अडकला, तर डिरेलर तुटतो, आरे तुटतात, आणि चाक जागच्या जागी थांबल्यामुळे माणूसही पडतो. तोवर तिसऱ्याच्या खाली उतरू नये.

आता कारण. एका टोकाचे जमवले की दुसरे बिघडते, हे तुमचे एकच वाक्य मला पुरेसे वाटले. आठ गिअरच्या कॅसेटमध्ये शेजारच्या दोन चकत्यांच्या मध्यांतील अंतर 4.8 मिमी असते. शिमानोचा शिफ्टर प्रत्येक टिचकीला सुमारे 2.8 मिमी तार ओढतो आणि डिरेलर तिच्या सुमारे 1.7 पट आडवा सरकतो, म्हणजे दर टिचकीला एक चकती. हा हिशेब डिरेलर चकत्यांना समांतर लटकत असेल तरच जुळतो. डिरेलर ज्या छोट्या पट्टीवर बसवलेला असतो तिला हँगर म्हणतात. ती पट्टी आत वाकली, की डिरेलर तिरका होतो. लहान चकतीवर असताना तो वर असतो, मोठीवर गेल्यावर खाली आणि पुढे सरकतो, त्यामुळे तिरकेपणामुळे येणारी चूक प्रत्येक चकतीवर वेगळी असते. बॅरल सर्व गिअरना सारखेच सरकवतो. निरनिराळ्या मापाच्या आठ चुका एकाच मापाने कशा भरून निघणार? मोठ्या चकत्यांच्या सोयीने बॅरल लावला की लहान चकत्या वाजणारच.

तुमच्या तक्रारींचा क्रमही यातून उलगडतो. हँगर आत वाकल्यामुळे डिरेलर आतल्या बाजूला सरकला, म्हणून आधी आठवा गिअर सातव्या चकतीला घासून वाजू लागला. दुकानातल्या मुलाने तो आवाज घालवण्यासाठी केबल सैल केली, त्यामुळे मोठ्या चकत्यांना ताण कमी पडू लागला. मग साखळी पहिल्या गिअरवर चढेना, म्हणून त्याने एल स्क्रू उघडला असणार आणि आऱ्यांसमोरचे कुंपण निघून गेले. त्याने मुद्दाम काही केले असे मी म्हणत नाही, फक्त समोर दिसेल त्या आवाजाच्या मागे तो धावला.

तपासायचे कसे? साखळी आठव्या गिअरवर ठेवा, सायकल सपाट जागी उभी करा आणि मागे चार-पाच पावले जाऊन उकिडवे बसा. डिरेलरमध्ये एकाखाली एक अशी दोन छोटी दातेरी चाके असतात. ती दोन्ही आणि वरची चकती एकाच रेषेत, ओळंबा सोडल्यासारखी दिसली पाहिजेत. खालचे चाक आऱ्यांकडे झुकलेले दिसले तर हँगर वाकला आहे. डोळ्यांना ही चूक दिसत असेल तर ती नक्कीच मोठी आहे. लहान चूक मात्र मापाशिवाय कळत नाही.

मापाचे हत्यार नसेल तर आमची जुनी युक्ती अशी होती, की डिरेलर काढून हँगरच्या भोकात दुसऱ्या सायकलच्या मागच्या चाकाचा आस आट्यांवर फिरवून बसवायचा. हँगरचे आटे 10 मिमी व्यासाचे आणि 1 मिमी पिचचे (दोन आट्यांमधील अंतर) असतात, क्विक रिलीजच्या (हाताच्या खटक्याने सुटणाऱ्या) बऱ्याच मागच्या चाकांच्या आसांचेही तेच. मग दोन चाके शेजारी शेजारी उभी राहतात आणि ती समांतर आहेत की नाहीत हे लहान मुलालाही दिसते. पण जुन्या काळ्या सायकलचा आस यासाठी वापरू नये, त्याचे आटे वेगळे असतात आणि जबरदस्तीने फिरवला तर हँगरचे आटे जातील.

तरुण मुले विचारतात की तुमच्या काळी हा त्रास का नव्हता. त्रास होताच, फक्त कळत नसे. टिचकीचे गिअर शिमानोने 1984 मध्ये ड्युरा-एसच्या संचात आणले. त्याआधीच्या घर्षणाच्या दांडीला ठरलेले थांबे नव्हते, आवाज आला की स्वार अंगठ्याने दांडी केसभर इकडेतिकडे करत असे आणि वाकडा हँगर नकळत सांभाळून घेत असे. टिचकीने हा सांभाळून घेण्याचा वाव काढून टाकला.

शुक्रवारचा म्हापसेकर

फिटरकाकांबद्दल पूर्ण आदर आहे, पण पाच आठवड्यांच्या सायकलचा हँगर वाकेल कसा? मला वाटते कॅसेट किंवा शिफ्टरच सदोष असेल. वॉरंटीत बदलून मागावे.

डिचोलीची सायकलवाली

सायकल नवी आहे म्हणून हँगर सरळ असेल असे समजू नये. सायकली दुकानात अर्धवट जोडलेल्या अवस्थेत पुठ्ठ्याच्या खोक्यातून येतात. खोके उजव्या बाजूवर पडले किंवा त्यावर दुसरी खोकी रचली गेली, तर सर्व भार सर्वांत बाहेर आलेल्या भागावर म्हणजे डिरेलरवर येतो. माझ्या स्वतःच्या सायकलचा हँगर खोक्यातूनच वाकून आला होता, आणि मी दोन महिने केबलला दोष देत बसले होते. शिवाय अ‍ॅल्युमिनियम फ्रेमवर हँगर मुद्दामच मऊ आणि सुटा ठेवतात. धक्का बसला तर ती स्वस्त पट्टी वाकावी आणि फ्रेम वाचावी, असा त्यामागचा हेतू असतो. विजेच्या फ्यूजसारखेच ते काम आहे.

शिफ्टर सदोष असता तर एखादी टिचकी नेहमीच चुकली असती. बॅरल फिरवून चूक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ढकलता आली नसती. म्हणून मी फिटरकाकांच्या बाजूने आहे, आणि सायकल पडली होती का हा प्रश्न कुर्टीकरांना पुन्हा विचारते.

कुर्टीकर

उशिराबद्दल क्षमस्व. आता सगळे क्रमाने सांगतो, कारण त्यात माझी एक चूक कबूल करायची आहे.

फिटरकाकांचे उत्तर वाचल्यावर लगेच सायकल अंगणात नेली आणि मागे जाऊन उकिडवा बसलो. जे दिसले ते पाहून इतके दिवस हे कसे दिसले नाही याचीच लाज वाटली. वरचे छोटे चाक चकतीच्या रेषेत होते, पण खालचे स्पष्टपणे आऱ्यांकडे झुकलेले होते. मुलगी शेजारी उभी होती. ती म्हणाली, "बाबा, फेरीबोटीत पडली होती ना आपली सायकल!"

आणि मग आठवले. सायकल घेतल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी आम्ही बाणस्तारीच्या पुलावरून जुने गोव्याला गेलो होतो आणि तेथून फेरीबोटीने दिवाडीला. सायकल मी बोटीच्या कठड्याला टेकवून ठेवली होती. बोट धक्क्याला लागताना हिसका बसला आणि सायकल उजव्या अंगावर आडवी झाली. पेडलला एक ओरखडा आला होता, तो मी रुमालाने पुसला, बाकी काही तुटलेले दिसले नाही म्हणून विसरून गेलो. पडणे म्हणजे मी तिच्यावर बसलेला असताना पडणे, असेच माझ्या डोक्यात असावे. ताईंनी विचारले तेव्हा मी खरोखर नाही म्हणालो होतो, खोटे बोललो नव्हतो, पण उत्तर चुकीचे होते.

शनिवारी पणजीला एका मेकॅनिककडे गेलो, ज्यांच्याकडे हँगर मोजण्याचे हत्यार आहे. त्यांनी डिरेलर सोडवून बाजूला लोंबकळत ठेवला आणि त्याच भोकात एक लांब दांडी आट्यांवर बसवली. दांडीच्या टोकाला सरकणारी काडी असते, ती रिमला टेकवायची. मला विशेष वाटले ते असे, की दांडी वर, खाली, पुढे, मागे जेथे नेतील तेथे ते चाकही फिरवून हवा भरण्याचा वॉल्व्ह बरोबर तिच्यापाशी आणत होते. कारण विचारले तेव्हा म्हणाले, रिम स्वतःच थोडी वाकडी असू शकते, म्हणून प्रत्येक वेळी रिमचे तेच ठिकाण मोजायचे, म्हणजे रिमची चूक हँगरच्या माथी बसत नाही. खालच्या बाजूला काडी रिमला टेकली होती आणि वर मात्र तिच्यात व रिममध्ये माझी करंगळी सहज गेली. पट्टी लावून पाहिले, 11 मिमी. साधारण 4 मिमीच्या आत असेल तर चालते, असे ते म्हणाले.

मग तीच दांडी तरफेसारखी धरून त्यांनी हँगर हळूहळू बाहेर ओढला, थोडा ओढायचा, मोजायचे, पुन्हा थोडा. तीन वेळा केल्यावर फरक 2 मिमीच्या आत आला. त्यानंतर एल स्क्रू दीड फेरा आत घेतला (फिटरकाकांचा अंदाज तंतोतंत खरा निघाला, तो बराच उघडलेला होता), मग एच पाहिला, आणि केबल सर्वांत शेवटी. केबलला त्यांनी दोन मिनिटे सुद्धा दिली नाहीत. मी पडवीत दीड तास घालवला होता.

रविवारी म्हार्दोळहून फर्मागुडी पुन्हा चढलो. दुसऱ्या गिअरवर पाय हलका सोडून टिचकी मारली आणि साखळी आवाज न करता वर गेली. पहिला गिअरही मुद्दाम लावून पाहिला, चिर्र नाही.

दुकानदाराबद्दल मी वर जे लिहिले त्यातले अर्धे आता मागे घेतो. मूळ बिघाड माझ्या निष्काळजीपणाचा होता. मात्र महिनाभर चालवा म्हणजे बसेल हा सल्ला ऐकला असता, तर काय झाले असते, हे फिटरकाकांनी सांगितलेच आहे.

आता एकच विचारतो, सरळ केलेला हँगर टिकतो का? आणि पावसाळ्यात काही वेगळे करावे लागेल का?

मडगावचा निवृत्त फिटर

एकदा सरळ केलेला हँगर बहुधा वर्षानुवर्षे चालतो. अ‍ॅल्युमिनियम पुनःपुन्हा वाकवले की त्यात बारीक चीर पडते, त्यामुळे दुसऱ्यांदा वाकला तर सरळ करण्याच्या भरीस पडू नका, बदला. जास्तीचा एक हँगर आत्ताच घेऊन ठेवा, आणि तो नुसत्या सायकलच्या नावावरून मागवू नका. हँगरचे शेकडो आकार आहेत आणि एकाच कंपनीच्या दोन वर्षांच्या फ्रेमना वेगवेगळे लागू शकतात. जुना काढून समोर ठेवा, स्क्रूची भोके किती आणि कोठे आहेत, पट्टीचा बाक कसा आहे, हे चित्राशी जुळवून मगच मागवा.

पावसाचे म्हणाल, तर जूनपासून गिअर पुन्हा जड पडू लागले तर बॅरलकडे जाण्याआधी आउटर केबलच्या डिरेलरजवळच्या शेवटच्या वळणाकडे पाहा. लाल मातीचे पाणी तेथे शिरून साचते. समुद्राकाठी राहणाऱ्यांच्या तारा तर उन्हाळ्यातही खाऱ्या हवेने गंजतात. त्याची खूण अशी, की मोठ्या चकतीवर चढणे ठीक असते, पण उतरताना साखळी रेंगाळते, कारण तार ओढायला आपला अंगठा असतो, परत सोडायला मात्र डिरेलरची छोटी स्प्रिंगच असते. तेव्हा तार आणि आउटर दोन्ही बदलावे. आउटर घेताना गिअरचेच मागावे. ब्रेकच्या आउटरमध्ये तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, ते दाबले जाते आणि टिचकीचा हिशेब चुकतो. गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीला सरळ असतात.

शुक्रवारचा म्हापसेकर

माझे चुकले, कुर्टीकरदादा. बरे झाले की कॅसेट बदलायला गेला नाहीत. हे सर्व वाचून मी आज माझी सायकल मागून पाहिली. बाजारात शुक्रवारी ती दोनदा तरी पडते. खालचे चाक थोडे आत दिसते आहे. त्या पणजीच्या मेकॅनिकचे दुकान रविवारी उघडे असते का?

कुर्टीकर

रविवारी बंद, शनिवारी दुपारी एकपर्यंत. सकाळी लवकर जा, आणि जाताना सायकल गाडीत घालणार असाल तर डाव्या अंगावर आडवी करा.